ठाणे जिल्हा नेमका कुठवर?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलला लागणारे पहिलेच स्टेशन म्हणजे शहाड. गावाचे नाव एकच, पण ते दोन महापालिकांत वाटले गेले आहे. शहाडचा काही भाग कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडतो, काही भाग उल्हासनगर महापालिकेत. त्यामुळे एक शहाडकर घरपट्टी एकीकडे भरतो आणि दुसरा दुसरीकडे. बाहेरगावच्या पाहुण्याने 'तुम्ही कुठले?' असे विचारले, तर उत्तर कधी कल्याण असते, कधी उल्हासनगर. आणि पाहुणा फारच लांबचा असला तर सरळ मुंबई! जिल्हा कोणता, असे विचारले की मात्र सगळ्यांचे उत्तर एकच : ठाणे.

उत्तर बरोबर आहे. पण ठाणे जिल्हा म्हणजे नेमका किती मुलूख आणि त्यात कोण कोण माणसे, याचे उत्तर गेल्या दोनशे वर्षांत आठ-दहा वेळा बदललेले आहे. अंधेरीचा माणूस एकेकाळी ठाणे जिल्ह्याचा होता. पनवेल-कर्जतचा होता, अलिबागकडचाही होता. आज गुजरातेत असलेल्या उंबरगावचा माणूससुद्धा १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच होता. यातले कोणीही घर सोडून गेले नाही. रेघ तेवढी सरकली. आणि रेघ सरकली की माणूस जागचा हलत नसला, तरी त्याचा हिशेब बदलतो. तो कोणत्या कचेरीत जाणार, कोणत्या निधीत त्याचा वाटा, बहुसंख्यांत त्याची गणना की अल्पसंख्यांत, हे सारे बदलते. म्हणून ही गोष्ट नुसती नकाशाची नाही.

पाण्याने आखलेली सरहद्द

जुन्या काळी मुलूख मोजण्याची रीत आजच्यासारखी नव्हती. नवव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. शहाडपासून जवळच असलेले अंबरनाथचे इ. स. १०६० मधले शिवमंदिर त्यांच्याच काळातले. शिलाहारांच्या लेखांत या प्रदेशाचा उल्लेख चौदाशे गावांचे कोकण असा येतो. ठाणे आणि आजची मुंबईची उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत, त्या साष्टीचे नावही गावांच्या संख्येवरूनच पडले. षट्षष्टी म्हणजे सहासष्ट गावे. प्रदेश ओळखायचा तो त्यातल्या गावांवरून.

पुढे सरहद्द आखण्याचे काम पाण्याने केले. वसई आणि साष्टी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेली. कल्याणवर मराठ्यांचा अंमल बसला, तेव्हा खाडीच्या एका तीरावर मराठे आणि दुसऱ्या तीरावर पोर्तुगीज अशी स्थिती झाली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने वसई जिंकली आणि दोन्ही तीर एका सत्तेखाली आले. पण ते सुख फार काळ टिकले नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. तेव्हापासून १८१७ पर्यंत, म्हणजे एका पिढीहून अधिक काळ, ठाण्याची खाडी ही दोन राज्यांमधली सरहद्द होती. आज ज्या खाडीवरून लोकल दोन-तीन मिनिटांत पार होते, तिच्या एका काठाला कंपनी सरकार होते आणि पलीकडे पेशवाई.

पेशवाईत या भागाचा कारभार कल्याणच्या सुभ्यातून चाले. पण पेशव्यांचा मुलूख इंग्रजांच्या हाती आला तेव्हा ठाणे त्यांच्याकडे चाळीस-बेचाळीस वर्षे आधीपासूनच होते. जिल्ह्याची कचेरी ठाण्यात राहिली आणि कल्याण तालुक्याचे गाव झाले.

वाढलेला आणि आटलेला जिल्हा

इंग्रजांनी सुरुवातीला या जिल्ह्याला उत्तर कोकण असे नाव दिले होते. १८३० मध्ये दक्षिणेकडचे सांकशी, राजपुरी आणि रायगड हे भाग त्याला जोडले गेले. १८३३ पासून जिल्हा ठाण्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या वेळचा ठाणे जिल्हा उत्तरेला आजच्या गुजरातेतल्या संजाणपासून दक्षिणेला थेट रायगड किल्ल्याच्या मुलखापर्यंत पसरलेला होता. एवढा लांबलचक जिल्हा एका कलेक्टरला सांभाळणे अवघड होते. १८५३ मध्ये दक्षिणेचा भाग कुलाबा या नावाने पोटजिल्हा झाला आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज आपण त्याला रायगड म्हणतो. १८८३ मध्ये पनवेल कुलाब्याला गेले, सोबत उरणही गेले. १८९१ मध्ये कर्जतही गेले.

याच शतकात आणखी एक बदल झाला. शहापूरच्या भागाला पूर्वी कोळवण म्हणत. कोळवण म्हणजे कोळ्यांचा, डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळ्यांचा आणि मल्हार कोळ्यांचा मुलूख. इंग्रजी कारभारात तालुक्यांना कचेरीच्या गावांची नावे मिळाली आणि कोळवणचे शहापूर झाले. माणसांवरून पडलेले नाव मागे पडले आणि मामलेदार जिथे बसतो त्या गावाचे नाव पुढे आले. रेघ न हलवताही माणसे नकाशावरून पुसली जातात, ती अशी.

१८८१ चा ठाणेकर

या जिल्ह्यात तेव्हा राहत होते तरी कोण? त्याचे चांगले चित्र जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये मिळते. त्याचा ठाणे जिल्ह्यावरचा तेरावा खंड १८८२ मध्ये निघाला. १८८१ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,२४३ चौरस मैल आणि लोकसंख्या ९,०८,५४८ होती. म्हणजे मैलाला साधारण दोनशे चौदा माणसे.

या नऊ लाखांत किती परी होत्या! किनाऱ्याला कोळी, मांगेला, भंडारी, वाडवळ. खाडीकाठच्या खाजणात भात आणि मीठ पिकवणारे आगरी. आतल्या बाजूला कुणबी. डोंगर आणि जंगल वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी आणि मल्हार कोळी यांचे. वसई आणि साष्टीत पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली, पण बोली, दागिने आणि लग्नातली गाणी टिकवून असलेली गावेच्या गावे होती. कल्याण आणि भिवंडीत कोकणी मुसलमानांची जुनी, व्यापारी वस्ती होती. संजाण तेव्हा याच जिल्ह्यात होते. पारशी समाज परंपरेने मानतो की, त्यांचे पूर्वज हिंदुस्थानात प्रथम स्थिरावले ते तिथेच. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाणारे बेने इस्रायल हे मूळचे अलिबागच्या बाजूचे. १८६९ पर्यंत तोही मुलूख ठाण्यातच होता. रेघेने ते कुलाब्याचे झाले, पण त्यांच्यातली अनेक कुटुंबे ठाण्यात येऊन राहिली आणि १८७९ मध्ये त्यांनी ठाणे शहरात सिनेगॉग बांधले. ते आजही आहे.

आता एक गंमत पाहा. १८८१ मध्ये जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,२४३ होते आणि आजच्या ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ ४,२१४ आहे. वरवर पाहता कोणीही म्हणेल, जिल्हा होता तेवढाच राहिला! पण तेव्हाचा आकडा चौरस मैलांचा आहे आणि आजचा चौरस किलोमीटरचा. ४,२४३ चौरस मैल म्हणजे जवळजवळ अकरा हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आजचा ठाणे जिल्हा त्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. म्हणून 'ठाण्याची लोकसंख्या शंभर वर्षांत इतक्या पटीने वाढली' असे कोणी सांगू लागले, की आधी विचारावे : कोणत्या ठाण्याची?

मुंबईने घेतलेला घास

विसाव्या शतकात जिल्ह्याची सीमा बदलण्यामागे सर्वांत मोठे कारण होते मुंबई. १९२० मध्ये साष्टीचे दोन भाग झाले. दक्षिण साष्टीची ८४ गावे ठाण्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. १९४५-४६ च्या सुमारास आणखी ३३ गावे तिकडे गेली. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. साष्टी बेटाचा राहिलेला तुकडा, म्हणजे ठाणे शहर आणि मीरा-भाईंदर, एवढाच ठाणे जिल्ह्याकडे उरला.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. इंग्लंडात लंडनला लागून मिडलसेक्स नावाची जुनी परगण्यासारखी कौंटी होती. लंडन वाढत वाढत तिला गिळत गेले आणि १९६५ मध्ये तिचा कारभार संपला. तिचे नाव आज क्रिकेटच्या संघामुळे लोकांच्या तोंडी आहे. रटलंड नावाची चिमुकली कौंटी १९७४ मध्ये शेजारच्या लेस्टरशायरमध्ये विलीन केली गेली. तिथल्या लोकांनी आपले वेगळेपण सोडले नाही आणि १९९७ मध्ये तिला पुन्हा स्वतंत्र कारभार मिळाला. साष्टीच्या नशिबी ना क्रिकेटचा संघ आला, ना परतीचा रस्ता. सहासष्ट गावांचे ते नाव आज तिथल्या जुन्या रहिवाशांच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांच्या बोलण्यातच ऐकू येते.

याच काळात जिल्ह्यात भरही पडली. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान चहूबाजूंनी ठाणे जिल्ह्याच्या कुशीत होते, पण जिल्ह्याचा भाग नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ मध्ये ते विलीन झाले आणि जव्हार तालुका झाला.

उंबरगावची फाळणी

१ मे १९६० हा दिवस आपण महाराष्ट्राच्या स्थापनेचा म्हणून साजरा करतो. त्याच दिवशी उंबरगाव तालुक्याचे दोन तुकडे झाले. ४७ गावे आणि तीन शहरे गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली. आज ती वलसाड जिल्ह्यात आहेत. संजाणही गेले. उरलेली २७ गावे प्रथम डहाणूला जोडली गेली आणि पुढे तलासरी हा वेगळा विभाग झाला.

या तालुक्याचा इतिहास साधा नव्हता. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेच्या झेंड्याखाली वारली जमले आणि वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तोंड फुटले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे तो लढा मराठी वाचकांना माहीत झाला. पंधरा वर्षांनी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा प्रश्न मराठी की गुजराती असा विचारला गेला. वारल्याची बोली या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही. त्याचे सोयरे रेघेच्या दोन्ही बाजूंना होते आणि आजही आहेत.

या रेघेचा त्रास फक्त भावनेचा नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० या तारखेला कुटुंब कुठे राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. तलासरीतल्या एखाद्या कुटुंबाकडे त्या काळचा कागद असला, तर त्यावर 'तालुका उंबरगाव, जिल्हा ठाणे' असे लिहिलेले असते. आज उंबरगाव गुजरातेत आणि तलासरी पालघर जिल्ह्यात. कागद खरा, गाव तेच, घरही तेच. पण तिन्हींचा मेळ घालून देण्यासाठी इतिहास माहीत असलेला माणूस लागतो. तो प्रत्येक कचेरीत भेटतोच असे नाही.

आलेली माणसे

आतापर्यंत रेघ सरकली आणि माणसे जागेवर राहिली, हे पाहिले. आता उलट बाजू पाहू. शहाड-कल्याणच्या भागात रेघ फारशी हलली नाही, माणसे मात्र आली. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली आणि पुढे एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच छावणीच्या बराकींत जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांची रेघ पंजाब-सिंधकडे ओढली गेली होती, त्यांनी आगऱ्या-कुणब्यांच्या गावांशेजारी नवे शहर वसवले. बराकींचे नंबर अजूनही 'कॅम्प एक', 'कॅम्प दोन' असे पत्त्यात टिकून आहेत.

पन्नासच्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना निघाला. जवळच मोहोन्याला एनआरसीचा कारखाना होता. तो २००९ मध्ये बंद पडला. नदीचे पाणी, रेल्वे आणि माळशेज घाटाकडे जाणारा मुरबाड रस्ता, या तिन्हींमुळे हा पट्टा वाढला. जुन्नर आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, इकडून घाट उतरून माणसे आली. कोकणातून आली, उत्तर भारतातून आली, दक्षिणेतूनही आली. भिवंडीच्या मागांवर उत्तरेकडच्या विणकरांची वस्ती तर एकोणिसाव्या शतकापासूनची.

माणसे वाढली तशा शहरांच्या हद्दी ठरवणे अवघड झाले. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये झाली. अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात आले आणि १९९२ मध्ये बाहेर पडले. सत्तावीस गावे २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये परत आली, आणि त्यांचा वाद त्यानंतरही न्यायालयापर्यंत गेला. नदीला मात्र यातले काही ठाऊक नाही. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरला पाणी देणाऱ्या 'स्टेम' या योजनेच्या नावातला पहिला शब्द शहाड आहे आणि दुसरा टेमघर. शहाडला उचललेले पाणी तीन शहरांच्या हद्दी ओलांडून जाते.

टक्के बदलले, माणसे नाहीत

आता शेवटची आणि सर्वांत मोठी रेघ. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ भरली. लोकसंख्येने तो देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्याचे विभाजन झाले. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड हे सात तालुके ठाण्याकडे राहिले. २०११ च्या आकड्यांनुसार पालघरच्या वाट्याला सुमारे २९ लाख ९० हजार माणसे आली आणि ठाण्याकडे ८० लाख ७० हजार उरली.

अखंड जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते. विभाजनानंतर पालघरमध्ये ते ३७ टक्क्यांवर गेले आणि ठाण्यात ५ टक्क्यांवर आले. एकही माणूस हलला नाही, एकही झोपडी हलली नाही. पालघरच्या दृष्टीने हे चांगले झाले. जिथे दहातले जवळजवळ चार जण आदिवासी आहेत, तिथे जिल्ह्याच्या कारभाराला त्यांच्याकडे पाहावेच लागते. मोखाड्याच्या माणसाला कामासाठी ठाण्याला खेपा घालाव्या लागत, तेही काही प्रमाणात टळले.

पण रेघेच्या अलीकडे काय झाले? शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरात राहणारा कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी आता सहा महापालिकांच्या जिल्ह्यातला पाच टक्के झाला. सरासरी काढली की तो दिसेनासा होतो. याच शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. तानसाचे तर १८९२ पासून जाते. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. जिल्हा श्रीमंत आणि शहरी असल्याचा आकडा खरा आहे. पाड्यावरचा रिकामा हंडाही खरा आहे. पण बैठकीत आधी वाचला जातो तो आकडा.

२०२१ मध्ये व्हायची जनगणना झाली नाही. सरकारने पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस जाहीर केला आहे. वेगळ्या पालघरची आणि उरलेल्या ठाण्याची ही पहिलीच जनगणना. तिचे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतील तेव्हा जिल्ह्याच्या बेरजेवर थांबू नये. तालुक्याचा आकडा पाहावा, जमल्यास गावाचा पाहावा. शिलाहारांनी मुलूख गावांनी मोजला होता, ती रीत या बाबतीत अजूनही खरी आहे.

आणि घरात आजोबा-पणजोबांचे जुने कागद असतील, तर ते एकदा बाहेर काढून त्यांवरचा तालुका आणि जिल्हा वाचावा. तिथे कदाचित आज अस्तित्वात नसलेले एखादे नाव सापडेल : कोळवण, साष्टी, कुलाबा, उंबरगाव. तो कागद चुकीचा नाही. तो जपून ठेवावा आणि त्याच्या पाठीमागे आजच्या तालुक्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला कचेरीच्या खिडकीपाशी त्या चिठ्ठीची गरज पडेल.